कम्युनिटी कॉलेजात बेसिक अल्जिब्रा: प्रवेशापासून फायनलपर्यंत

अमेरिकेत येऊन नर्सिंग, अकाउंटिंग किंवा कॉम्प्युटरकडे वळायचं ठरवलं की पहिला अडसर बहुधा गणिताचा येतो. दहावीला बीजगणित झालेलं असतं, पण त्याला पंधरा-वीस वर्षं उलटलेली असतात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) एका सेमिस्टरचा बेसिक अल्जिब्रा घेऊन हा अडसर दूर करता येतो. अभ्यासक्रम साधारण आपल्या आठवी ते दहावीचाच आहे. तरीही या कोर्समधून बरेच जण मध्येच बाहेर पडतात, आणि कारणं बहुतेक वेळा तीच असतात: नको तो कोर्स घेतलेला असतो, अपूर्णांक आणि वजा चिन्ह कच्चं असतं, किंवा तिसऱ्या आठवड्यात मागे पडलेलं पुढे भरून निघत नाही. या तिन्हींचा बंदोबस्त आधीच करता येतो.

अमेरिकी पुस्तकांत चलासाठी एक्स आणि वाय वापरतात. इथे आम्ही आपले जुने क्ष आणि य वापरले आहेत.

आधी विचारा: हा कोर्स लागतोच का?

कॉलेजात गणिताची उतरंड असते. तळाला अंकगणित किंवा प्रीअल्जिब्रा, त्यावर एलिमेंटरी अल्जिब्रा (हाच आपला बेसिक अल्जिब्रा), मग इंटरमीजिएट अल्जिब्रा आणि त्यानंतर ट्रान्स्फर पातळीचं, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत धरलं जाणारं, गणित: कॉलेज अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स, प्रीकॅल्क्युलस वगैरे. खालच्या पायऱ्यांचे क्रेडिट बहुतेक ठिकाणी पदवीत धरले जात नाहीत आणि युनिव्हर्सिटीही ते घेत नाही. म्हणजे विनाकारण एक पायरी खाली बसलात तर एक सेमिस्टर आणि एक फी फुकट गेली.

त्यात आता राज्याराज्यांचे नियमही बदलले आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ चा एबी ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ या कायद्यांनंतर कॉलेजांना बहुतेक विद्यार्थ्यांना थेट ट्रान्स्फर पातळीवर बसवावं लागतं. प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, नाही; शाळेतले मार्क बघतात. परदेशात शिकलेल्यांना बहुधा गायडेड सेल्फ-प्लेसमेंट नावाची प्रश्नावली भरावी लागते. त्यामुळे तिथल्या अनेक कॉलेजांत एलिमेंटरी अल्जिब्रा क्रेडिटसाठी आता मिळतच नाही. त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जिब्रालाच जोडून एक-दोन युनिटचा (युनिट म्हणजे क्रेडिटच) आधारवर्ग देतात, त्याला कोरिक्विझिट म्हणतात. पाया खरंच विसरला असेल तर तिथे नॉनक्रेडिट वर्ग किंवा गावातलं अ‍ॅडल्ट स्कूल बघा. कॅलिफोर्नियात नॉनक्रेडिट वर्गांना फी नाही आणि नापास होण्याचा डाग ट्रान्सक्रिप्टवर लागण्याची भीतीही नाही. पंधरा वर्षांनी वही उघडणाऱ्याला आमच्या मते ही सर्वांत चांगली सुरुवात आहे.

टेक्सासमध्ये टीएसआयए-२ ही परीक्षा आहे. गणितात ९५० किंवा जास्त मिळाले की विद्यार्थी कॉलेज-रेडी. इतर राज्यांत अ‍ॅक्युप्लेसर किंवा अ‍ॅलेक्स या प्लेसमेंट टेस्ट जास्त दिसतात.

काउन्सेलरची वेळ घ्या आणि तीन प्रश्न लिहून न्या. मला जो प्रोग्रॅम करायचा आहे त्याला शेवटचं गणित कोणतं लागतं? तिथे पोचायचा सर्वांत छोटा रस्ता कोणता? हा कोर्स पदवीत किंवा ट्रान्स्फरमध्ये धरला जाईल का? उत्तर एज्युकेशन प्लॅनच्या रूपात लेखी घ्या. ज्यांना स्टॅटिस्टिक्सवर थांबायचं आहे आणि ज्यांना कॅल्क्युलसपर्यंत जायचं आहे, त्यांचे रस्ते पहिल्याच वळणावर वेगळे होतात.

व्हिसा आणि पैसे

एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर व्हिसा न बदलता पार्ट टाइम किंवा फुल टाइम शिकता येतं. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, पदवीचे कोर्स फक्त पार्ट टाइम. भेटीला आलेल्या आईवडिलांना बी-२ या पर्यटक व्हिसावर असा कोर्स घेता येत नाही, तो विषय काढूच नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना साधारण बारा क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. म्हणून अल्जिब्रा ऑनलाइन घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

फी रहिवासी आणि अनिवासी अशी वेगळी असते आणि फरक कित्येक पट असतो. कॅलिफोर्नियात रहिवाशांना दर युनिटला ४६ डॉलर पडतात. तिथे रहिवासी ठरण्यासाठी सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे पुरावे लागतात. लीज, ड्रायव्हिंग लायसन्स आणि टॅक्स रिटर्न पहिल्यापासून एका फायलीत ठेवा. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा हा अर्ज भरून सरकारी मदत मागता येते, एच-४ ला ती नाही. मदत घेत असाल तर खालच्या पातळीच्या कोर्सना ती तीस सेमिस्टर तासांपर्यंतच मिळते, हेही लक्षात ठेवा.

प्लेसमेंट टेस्ट: तयारी न करता बसू नका

अ‍ॅक्युप्लेसरमध्ये गणिताच्या प्रत्येक भागात २० प्रश्न असतात आणि गुण २०० ते ३०० मध्ये येतात. वेळेचं बंधन नसतं. पण आधीच्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठरतो आणि मागे जाता येत नाही. म्हणून पहिले सात-आठ प्रश्न दुप्पट वेळ घेऊन सोडवा. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर आला तरच वापरायचा, आपला न्यायचा नाही.

अ‍ॅलेक्समध्ये जास्तीत जास्त ३० प्रश्न आणि गुण १०० पैकी. बहुतेक प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर टाइप करावं लागतं. ज्याची गंधवार्ता नाही तिथे ‘माहीत नाही’ हे बटण दाबा, नेम लागला म्हणून पुढे ढकलले गेलात तर सेमिस्टरभर फरपट होते. घरच्या इंजिनिअरला शेजारी बसवून टेस्ट दिल्यानेही नेमकं हेच होतं. पहिल्या फेरीनंतर अ‍ॅलेक्समध्येच सरावाचा विभाग उघडतो. तिथे दहा-बारा तास घालवून दुसऱ्यांदा टेस्ट दिली की कित्येकांचा एक अख्खा कोर्स वाचतो.

वर्ग सुरू होण्याआधीचे दोन आठवडे

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत ही पाच गणितं करा:

३/४ − ५/६
२/३ ÷ ४/९
−८ − (−३)
−३² आणि (−३)²
८० चे १५ टक्के

उत्तरं अशी: −१/१२, ३/२, −५, −९ आणि ९, १२. दोन चुकली तर रोज एक तास फक्त अपूर्णांक आणि पूर्णांक संख्या करा. हा सल्ला सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण बीजगणिताचं घोडं इथेच पेंड खातं. सातव्या-आठव्या आठवड्यापासून अवयव पाडणं आणि रॅशनल एक्स्प्रेशन येतात आणि ते म्हणजे अपूर्णांकच, फक्त आकड्यांच्या जागी बहुपदी बसलेली. ज्यांना ३/४ आणि ५/६ चा छेद सारखा करता येत नाही, त्यांना १/(क्ष + १) आणि १/(क्ष − २) चा छेद सारखा करणं जमत नाही. पाढे बारापर्यंत तोंडावर असू द्या. १८ चे अवयव आठवायला अर्धं मिनिट लागलं तर अवयवांचं प्रत्येक गणित पाच मिनिटं खातं.

सेक्शन आणि पुस्तक

पहिल्यांदा घेताना सोळा आठवड्यांचा पूर्ण सेमिस्टर घ्या आणि शक्य असेल तर वर्गात बसून शिका. साधा हिशेब असा: वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास. चार क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला बारा तास. तोच कोर्स आठ आठवड्यांत घेतला की चोवीस तास. नोकरी आणि लहान मूल असेल तर उन्हाळ्याच्या छोट्या कोर्सच्या वाटेला जाऊ नका. एका दिवशी तीन तासांच्या वर्गापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा भरणारा वर्ग चांगला, मधल्या दिवसांत सराव होतो.

पुस्तक पहिल्या तासाआधी विकत घेऊ नका. अनेक प्राध्यापक मायलॅब किंवा अ‍ॅलेक्ससारखं सॉफ्टवेअर लावतात आणि त्याचा अ‍ॅक्सेस कोड वेगळा घ्यावा लागतो. कोड एकदाच चालतो, त्यामुळे जुन्या पुस्तकाबरोबर आलेला कोड बहुधा मेलेला असतो. वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेला सेक्शन (त्याच कोर्सची वेगळी तुकडी) मिळाला तर तोच पकडा. राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सवर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अल्जिब्राची पूर्ण पुस्तकं मोफत आहेत, वर्गात दुसरं पुस्तक लावलं असेल तरी सरावाला ती उपयोगी पडतात. कॅल्क्युलेटर सिलॅबसमध्ये लिहिलेलाच घ्या. या पातळीला पुष्कळदा साधा सायंटिफिक पुरतो आणि काही प्राध्यापक परीक्षेत तोही चालू देत नाहीत.

पहिला आठवडा: सिलॅबस हाच करार

पहिल्या दिवशी मिळणारा सिलॅबस शेवटपर्यंत वाचा. परीक्षांच्या तारखा, फी परत मिळून नाव काढण्याची शेवटची तारीख आणि डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे ग्रेडऐवजी कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची शेवटची तारीख, तिन्ही फोनच्या कॅलेंडरात टाका. मग गुणांचं वजन बघा. समजा होमवर्क १५ टक्के, क्विझ १५, चाचण्या ४५ आणि फायनल २५. एखाद्याचा होमवर्क शंभर, क्विझ ८०, चाचण्यांची सरासरी ६२ आणि फायनल ६०. बेरीज १५ + १२ + २७.९ + १५ = ६९.९. बहुतेक ठिकाणी सी ग्रेडसाठी ७० लागतात आणि पुढच्या कोर्सला प्रवेश सी वरच. होमवर्क पैकीच्या पैकी असूनही माणूस एक दशांशाने राहिला. फक्त होमवर्कच्या जोरावर इथे पार होता येत नाही.

घरचा अभ्यास कसा करायचा

ऑनलाइन होमवर्कमध्ये ‘असंच उदाहरण दाखवा’ असं बटण असतं. ते दाबायचं, आकडे बदलून तीच पायरी उतरवायची, हिरवी खूण मिळवायची. होमवर्क ९५ टक्के आणि चाचणीत ५० असा प्रकार होतो तो यामुळे. प्रत्येक गणित वहीत पायऱ्यांसह करा, मगच उत्तर टाइप करा. उदाहरण बघावं लागलं तर त्या गणितापुढे चांदणी काढा आणि दुसऱ्या दिवशी काहीही न बघता ते पुन्हा करा. चांदण्यांची ही यादी हाच चाचणीचा अभ्यास.

सॉफ्टवेअर उत्तराच्या रूपाबद्दलही हट्टी असतं. ६/८ लिहिलं तर चूक, ३/४ लिहिलं तर बरोबर. बिंदू लिहिताना कंस हवा: (२, −३). हजाराचा स्वल्पविराम टाकू नका, कारण स्वल्पविराम म्हणजे दोन वेगळी उत्तरं असा अर्थ लावला जाऊ शकतो. उत्तर नाकारलं गेलं की आधी सूचना पुन्हा वाचा, गणित बहुधा बरोबर असतं.

अडलं तर वीस मिनिटं झगडा, मग मदत घ्या. कॉलेजच्या मॅथ लॅबमध्ये किंवा ट्युटरिंग सेंटरमध्ये मदत मोफत असते आणि प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स त्यासाठीच असतात. आपल्याकडे सरांना जाऊन विचारायचा संकोच असतो, तो घरी ठेवा. ‘काहीच कळलं नाही’ म्हणण्याऐवजी वही उघडून ‘इथपर्यंत आलं, ही ओळ का?’ असं विचारा, पाच मिनिटांत काम होतं.

चुका नेमक्या कुठे होतात

हे समीकरण बघा: ५ − २(क्ष − ३) = ७.

बरोबर रीत: −२ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणा. ५ − २क्ष + ६ = ७, म्हणजे ११ − २क्ष = ७, −२क्ष = −४, क्ष = २.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. एक, ५ मधून २ आधीच वजा करून ३(क्ष − ३) लिहिणं. दोन, −२ गुणिले −३ चे −६ करणं. दुसऱ्या चुकीने क्ष = −४ येतं. आता ताळा करा. −४ ठेवलं तर डावीकडे ५ − २(−७) = १९, ७ नाही. २ ठेवलं तर ५ + २ = ७. ताळ्याला वीस सेकंद लागतात. चाचणीत प्रत्येक समीकरणाचा ताळा मूळ ओळीत किंमत घालून करा, मधल्या ओळीत नाही, कारण चूक आधीच झालेली असेल तर मधली ओळ ती पकडत नाही.

(क्ष + ५)² म्हणजे क्ष² + २५ नव्हे. शंका आली की आकडा घालून बघा: क्ष = १ घेतल्यावर ३६ आणि २६, बरोबरी होत नाही. मधलं पद १०क्ष राहिलं. तसंच (क्ष + ६)/६ मधले सहा आणि सहा उडवता येत नाहीत. गुणलेले अवयव छाटता येतात, मिळवलेली पदं नाहीत. लाल पेनाच्या निम्म्या खुणा या एकाच चुकीच्या असतात.

कॅल्क्युलेटरवर ऋण संख्येचं आणि वजाबाकीचं बटण बहुधा वेगळं असतं, चुकीचं दाबलं की सिंटॅक्स एरर येतो. आणि −३ चा वर्ग हवा असेल तर कंस टाकाच, नाहीतर तो ३ चा वर्ग करून पुढे वजा लावतो.

असमानतेत दोन्ही बाजूंना ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं: −२क्ष < ६ म्हणजे क्ष > −३. हे उत्तर अमेरिकेत इंटरव्हल नोटेशनमध्ये मागतात: (−३, ∞). टोक धरायचं असेल तर चौकोनी कंस, अनंताला नेहमी गोल. आपल्यातल्या अनेकांना ही पद्धत शाळेत भेटलेली नसते, दोन दिवस वेगळे काढून ती पक्की करा.

तेच गणित, वेगळे शब्द

शाळेत मराठीतून शिकला असाल तर घाबरू नका, वस्तू त्याच आहेत. करणी म्हणजे रॅडिकल, घातांक म्हणजे एक्स्पोनंट, मसावि म्हणजे जीसीएफ, एकसामयिक समीकरणं म्हणजे सिस्टिम ऑफ इक्वेशन्स, रेषेचा चढ म्हणजे स्लोप. रेषेच्या समीकरणात आपण शेवटी सी लिहायचो, इथे बी लिहितात. इथे गोल कंसाला पॅरेन्थिसिस म्हणतात, ब्रॅकेट म्हटलं की चौकोनी समजतात. आपल्या ‘कंचेभागुबेव’च्या जागी इथे पेम्डास आहे. त्यात गुणाकार आधी लिहिलेला दिसतो म्हणून गोंधळू नका: गुणाकार आणि भागाकार एकाच पातळीचे, डावीकडून जे आधी येईल ते आधी. म्हणून २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२.

मधलं पद फोडून अवयव पाडण्याला इथे एसी मेथड म्हणतात. ६क्ष² + ११क्ष + ३ मध्ये ६ गुणिले ३ म्हणजे १८. गुणाकार १८ आणि बेरीज ११ येणारी जोडी ९ आणि २. मग ६क्ष² + ९क्ष + २क्ष + ३ = ३क्ष(२क्ष + ३) + १(२क्ष + ३) = (३क्ष + १)(२क्ष + ३). काही प्राध्यापक अंदाजाने जोड्या लावायला शिकवतात, पण आपल्या हातात बसलेली रीत सोडू नका, पायऱ्या दाखवल्या की गुण मिळतात.

शाब्दिक उदाहरणांत मैल, गॅलन आणि नाणी येतात. निकेल ५ सेंटचा, डाइम १० चा, क्वार्टर २५ चा, हे प्रश्नात सांगत नाहीत, माहीत असावं लागतं. उदाहरणार्थ: डाइम आणि क्वार्टर मिळून २७ नाणी, एकूण ४.२० डॉलर. डाइम क्ष माना, क्वार्टर २७ − क्ष. सगळं सेंटमध्ये लिहा: १०क्ष + २५(२७ − क्ष) = ४२०. यातून क्ष = १७, म्हणजे १७ डाइम आणि १० क्वार्टर. एका बाजूला सेंट आणि दुसऱ्या बाजूला डॉलर ठेवले की उत्तर अपूर्णांकात येतं. नाण्यांचं उत्तर अपूर्णांकात आलं तर पहिली शंका तिथे घ्या.

चाचण्या, डब्ल्यू आणि पुढचं सेमिस्टर

चाचणीच्या तीन दिवस आधी वेळ लावून, वही मिटून सरावाचा पेपर सोडवा. परीक्षेत आधी येणारी गणितं उरका, प्रत्येक पायरी लिहा, उत्तराला चौकट करा. चुकलेलं पूर्ण खोडू नका, एक रेघ मारा, कारण अर्धे गुण पायऱ्यांचे असतात. तपासलेला पेपर परत आला की त्याच संध्याकाळी चुकलेली गणितं नव्याने करा, फायनलला तेच प्रकार पुन्हा येतात.

दुसऱ्या चाचणीनंतर वर दाखवला तसा हिशेब मांडा. उरलेल्या चाचण्यांत आणि फायनलमध्ये सी साठी किती लागतील ते काढा. नव्वदच्या वर लागत असतील आणि आतापर्यंत साठच पडत असतील तर मुदतीच्या आत प्राध्यापकांशी बोला आणि डब्ल्यूचा विचार करा. डब्ल्यूने जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, उतरत नाही; एफने, म्हणजे नापास ग्रेडने, उतरतो. मात्र सरकारी मदत घेत असाल तर डब्ल्यू घेतलेले क्रेडिटही प्रयत्न म्हणून मोजले जातात, म्हणून आधी फायनान्शियल एडच्या खिडकीवर विचारा. वर्गात जाणं नुसतं बंद करू नका. नाव आपोआप निघेलच असं नाही आणि एफ लागू शकतो.

सी किंवा वर मिळाला की पुढचं गणित लगेच पुढच्या सेमिस्टरला घ्या. नोंदणी बहुधा हे सेमिस्टर संपण्याआधीच उघडते आणि संध्याकाळचे वर्ग पहिल्या काही दिवसांतच भरतात. चालू कोर्सच्या भरवशावर तिथे जागा धरता येते. वही आणि चांदण्यांची यादी टाकून देऊ नका, पुढच्या कोर्सचे पहिले दोन आठवडे त्याच उजळणीचे असतात.